मूठ

सुन्वानं कागद आणला नाही.
साबणाची वडी आणली,
महिनाभर आवळून झिजवलेली.
"अशी मूठ कर."

चार बोटांच्या खाचा शोधल्या, तीनच लागल्या.
करंगळी दोरखंडात गेली,
क्लाक्सविकच्या धक्क्यावर, त्या हिवाळ्यात.
तिथे मी लाकूड फुगीर ठेवलं.

पातं? वीतभर नको.
बोटीवरचा दोर, कोकराची नाळ,
पोस्टाची खोकी, कधीमधी सुका मासा.
टोक बोथट: "लाट आली तर मलाच भोसकेल."
हातमोज्यासकट धरता यावा,
काळोखात सापडावा, म्हणून पिवळी दोरी.

नाव कोरू का, विचारलं.
"नको. थोडं लाकूड जादा ठेव.
मार्यूनचा हात वाढतोय अजून.
तिचं ती घासून घेईल."