एकोणीस

सोहारच्या दवाखान्यात डॉक्टर इल्हामनं
शाल्मलीच्या तोंडात आरसा फिरवत मोजले:
एकोणीस.
पुन्हा मोजले, या वेळी माझ्याकडे बघत.
दुधाचे वीस असतात, अजून एकही पडलेला नाही.
खाली डावीकडे दोन दात एक होऊन आलेत,
मधे फक्त खाच, नखानं ओढावी तशी.

तिनं दिलेली छोटी फिल्म
मी सवयीनं उजेडाकडे धरली.

रिफायनरीत माझं कामच ते.
रात्री दोर बांधायचा, माणसं लांब करायची,
पाइपच्या सांध्यातून किरण सोडायचे
आणि सकाळी चहा गार होईतो बघायचं
धातू धातूत पुरता उतरलाय की नुसता टेकलाय.
टेकलेला असेल तर लिहायचं: कापा, परत करा.
बारा वर्षांत वेल्डर लोक
माझ्या नावानं बरंच काही बोललेत, मल्याळममध्ये.

हा सांधा मात्र
खाली दोन मुळं वेगळी, वर येता येता एक.
पोकळी नाही, भेग नाही, स्लॅगचा ठिपका नाही.
मी डोळे मिटून पास केला असता.
"हा दोष आहे," डॉक्टर म्हणाली
आणि बोट हिरडीच्या आत नेलं:
पुढं येणारा कोंब एकच दिसतोय.
शेजारची जागा रिकामी.

कधी झालं हे?
पोटात असताना, म्हणाली.
तेव्हा इथं शटडाउन चालू होतं,
बायको चिपळूणला.
फोनवर विचारायचो, जेवलीस का.
एवढंच.

बायको ऐकून म्हणाली, एकोणीस-वीस चालायचंच.
मग रात्री उठून झोपलेल्या पोरीचा ओठ
बोटानं खाली ओढून बघत बसली.

दीड वर्षानं पडला तो,
तांदळाचे दोन दाणे चिकटावेत तसा.
आमच्याकडे कौलांवर टाकतात. इथं कौलं नाहीत.
खालच्या मजल्यावरच्या शम्सानं शिकवलं होतं,
दात सूर्याकडे भिरकवायचा, म्हणायचं:
गाढवाचा घे, हरणाचा दे.

गच्चीवर, एसीच्या घरघरीत
शाल्मली थांबली. हिशेबाला पक्की.
"बाबा, दोन दिले तर दोनच मागू ना?"
फिल्म माझ्या कपाटात, पासपोर्टांखाली.
"माग," म्हटलं.

तिनं हात मागं नेला.
समोर ऊन इतकं पांढरं
की दात कुठं गेला ते
आम्हा तिघांनाही दिसलं नाही.