शेवटचे दोन आकडे

नकाशा मी केला. डलूथचा.
कागदाच्या गिरणीतली पाळी उरकून, रात्री,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर. कुणी सांगितलं नव्हतं.
पोलिसांना आलेला प्रत्येक फोन शहर एका यादीत टाकतं,
यादी कुणीही उघडावी,
पण यादी वाचतो कोण?
तिला मी रस्त्यांवर पसरलं.
दर पंधरा मिनिटांनी ठिपक्यांची नवी खेप.
चोरीला निळा, भांडणाला नारिंगी,
'जरा जाऊन बघता का, ठीक आहेत का ते'
याला पांढरा.

कुणाचं घर कळू नये म्हणून
पत्त्याचे शेवटचे दोन आकडे शून्य करायचे, असा नियम.
चौदाशे सात, चौदाशे बत्तीस, चौदाशे अठ्ठ्याऐंशी,
सगळे चौदाशे.
मला तो नियम आवडायचा.
वाटायचं, शून्याच्या आड माणसं सुखरूप राहतील.

मार्चमध्ये ती दारात उभी राहिली.
आयली कांगास, वय एक्क्याऐंशी.
ब्रेडच्या रिकाम्या पिशवीत घडी घातलेला कागद,
नातवानं छापून दिलेला.
टॅमरॅक स्ट्रीट, आणि एकशे बारा ठिपके
एकाच छपरावर, एकावर एक,
ओल्या शाईवर ओली शाई.
"हे माझं छप्पर," म्हणाली.
"पियानो शिकायला सहा मुली यायच्या. आता एक येते.
तिची आई गाडी चालू ठेवून बाहेर बसते."

मी तपासलं.
फोन कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानातले होते,
कुंपणावरून वर्षानुवर्षं भांडणाऱ्या दोन भावांचे होते,
एक तर नुसता हरवलेल्या बोटीच्या इंजिनाचा.
पण शून्य केलेला पत्ता यंत्राला सापडत नाही.
मग ते सगळं उचलून ब्लॉकच्या मध्यावर नेऊन ठेवतं.
मध्यावर ती राहत होती.
एवढाच गुन्हा.

"मी एकदाही फोन केलेला नाही.
रेनो जिन्यावरून पडला तेव्हासुद्धा नाही.
शेजारच्या पोरानं ट्रकमध्ये घालून नेला.
उगाच लोकांना कशाला उठवायचं."
साखरेचा खडा दातांत धरून
ती माझी कॉफी प्यायली, सावकाश, शेवटपर्यंत.

तिच्यासमोरच मी तो बिंदू सरकवला.
बेचाळीस फूट दक्षिणेला, रस्त्याच्या मधोमध,
गटाराच्या झाकणावर.
एकशे बारा ठिपके निमूट तिकडे गेले.
"झाकणाला चालेल?" तिनं विचारलं.
मी हसलो.
ती उत्तराची वाट बघत होती.

जानेवारीत, पारा उणे वीसवर,
सरोवर गोठताना आतून कण्हतं तसं कण्हत असताना,
संध्याकाळी पाच वाजून अठरा मिनिटांनी
एक पांढरा ठिपका पडला.
टॅमरॅक, चौदाशे.
मी पाहिला. म्हणजे, दिसला.
मग बूट चढवले आणि रात्रपाळीला गेलो.
गटाराच्या झाकणाची काळजी कोण करतं?

चार दिवसांनी कळलं, तेही किराणा दुकानात,
रांगेत, कुणी कुणाला सांगत असताना.
मुलगी धड्याला गेली, बेल वाजवली, पुन्हा वाजवली.
गाडी चालू ठेवून बसणाऱ्या त्या आईनं
पहिल्यांदाच इंजिन बंद केलं,
खिडकीला हात लावून आत बघितलं,
आणि तिनं फोन केला.

मी गेलो तिथे.
ज्याच्या सगळ्या गल्ल्या मला तोंडपाठ होत्या
त्या रस्त्यावर आयुष्यात पहिल्यांदा.
सगळीकडे बर्फ, फक्त झाकण उघडं, काळं,
खालून वाफ येत होती.
त्यावर उभा राहिलो. एका गाडीनं हॉर्न दिला.
बाजूला झालो आणि तिच्या दारावरचे
पितळी आकडे वाचले. एक. चार. चार.
शेवटच्याचा वरचा खिळा निघालेला,
खालच्या खिळ्यावर तो उलटा लोंबत होता.
सहा असेल, किंवा नऊ.
विचारायचं कुणाला?