तळघराची वही

तू वास घ्यायचास, मी भाव विचारायची.
एकेचाळीस वर्षं हीच वाटणी.
ग्लासात नाक बुडवून तू म्हणायचास,
'ओली पाटी. सफरचंदाची साल. थोडा धूर.'
मी म्हणायची, 'अकरा युरो. सहा घेतल्या तर दहा.'
आणि सिल्वेस्त्र, ज्याची ती वाइन,
तुझ्याकडे बघून हसायचा,
माझ्याकडे बघून घसा खाकरायचा.
मी मनात म्हणायची:
नाकाने कांदे सोलतोय माझा नवरा.

मागच्या हिवाळ्यात आठ दिवस ताप आला.
ताप गेला, आणि जाताना
तुझं नाक घेऊन गेला.
कॉफी म्हणजे गरम पाणी. चीज म्हणजे मेण.
एकदा दूध करपलं, घरभर धूर,
तू चुलीशेजारीच पेपर वाचत होतास.

एप्रिलमध्ये तळघरातल्या खालच्या दोन फळ्या रिकाम्या दिसल्या.
'राहू दे यंदा, ओदील,' तू म्हणालास.
मी गाडीची किल्ली घेतली.

आर्ब्वाच्या रस्त्याला अजून बर्फाच्या कडा होत्या.
सिल्वेस्त्रच्या कोठारात तीच थंडी, तेच उपडं पिंप,
त्यावर तेच तीन ग्लास.
त्याने फिकट लाल पुलसार ओतली.
तू ग्लास धरलास, सवयीने फिरवलास
आणि माझ्यापुढे केलास.

मला काय येतं? मला बेरीज येते.
एक घोट घेतला. जिभेवर घोळवला.
तू, सिल्वेस्त्र, त्याचा कुत्रासुद्धा
माझ्या तोंडाकडे बघत होतात.
म्हटलं, 'माझ्या आईचा शिवणाचा डबा.
नुकता उघडलेला, दोरे हलवण्याआधीचा.'

तू डोळे मिटलेस. 'लाकडी, की पत्र्याचा?'
'पत्र्याचा. आधी बिस्किटांचा होता.'
'मग सहा घे.'

दुसरी महाग. नाव मोठं, लेबलवर सोनेरी किल्ला.
पाहुणे येणार म्हणून लावलेल्या पडद्यांची चव.
नको.
तिसरी सावान्यँ, बारा युरो.
आधी कच्चा अक्रोड, मग... मला शब्द सापडेना,
मग तू बर्फ झाडून आत येतोस ना,
तेव्हाची तुझ्या कोटाची बाही.

तू बराच वेळ काही बोलला नाहीस.
मग उभ्या आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस केलीस:
'बारा जास्त होतात, सिल्वेस्त्र. डझन घेतो, दहाने लाव.'
इतकी वाईट घासाघीस मी कधी ऐकली नव्हती.
साडेअकरावर आलास, वर त्याचे आभार मानलेस.

घरी येऊन बाटल्या आडव्या लावल्या.
वहीत तारीख, नग, दर,
माझ्या अक्षरात, नेहमीसारखं.
शेवटच्या रकान्यात, जिथे तुझं अक्षर असायचं,
मी पेन्सिलने लिहिलं: बाही.

पेन्सिलने अशासाठी, की
नाक परत आलं तर तू ते खोडशील,
'ओली पाटी' लिहिशील,
आणि आपण भांडू.