चौकटींची वही

भावाच्या गणिताच्या वहीतली कोरी पानं उरली होती.
मधोमध रेघ मारली मी:
डावीकडे हात आखडायचा,
उजवीकडे सैल सोडायचा.
गुर्जानीत मार्च. दाराबाहेर द्राक्षवेलींच्या नुसत्या काड्या.

वाइन काकांची. जमिनीत पुरलेल्या रांजणात
ऑक्टोबरपासून गप्प बसलीय. तिला पैसे पडत नाहीत,
फक्त शुभेच्छांचा मान काकांना द्यावा लागतो
आणि काका एकदा उठले की
पणजोबांच्या घोड्यापर्यंत मागे जातात.
तो खर्च मी कुठेच लिहिला नाही.

पोशाख तिबिलिसीहून, भाड्याने.
कमरेपाशी आधीच्या कुणा नवरीचा डाग आहे,
चेरीचा, नाण्याएवढा.
गुच्छ तिथे धरायचा. ठरलं.
पांढरी लांबलचक गाडी खोडली,
शाल्वाची निळी निवा आहे, तिला धुऊन घेऊ.
तिबिलिसीचा गायक खोडला;
गल्लीतले तीन म्हातारे गातील,
एकाला ऐकू येत नाही, पण सूर तोच धरतो.

मग मासा आला.
शाल्वाचे वडील म्हणाले, स्टर्जन हवाच, अख्खा, तोंडात लिंबू.
लोक काय म्हणतील?
त्सिआला आत्या म्हणाली, लोक म्हणतील, मासा काट्यांचा होता.
एकशे ऐंशी पानं. अर्धा तास दोघं
एकमेकांना 'अहो-जाहो' करत भांडले.
मी उजवीकडे लिहिलं: मासा, एकच, मोठा,
सासरच्या टेबलावर.
मानपान म्हणजे तरी काय,
एका माशाची दिशा.

रात्री अकराला आईचा फोन.
बारीमधली तिची म्हातारी झोपली की
ती न्हाणीघरात टबाच्या काठावर बसून बोलते,
हळू, नळाच्या आवाजाएवढं.
सहा वर्षं झाली. कागद अजून झाले नाहीत.
आली तर परत जाता येणार नाही,
आणि परत गेली नाही तर
भावाची फी, छप्पर, आजोबांच्या गोळ्या,
आणि हे लग्नसुद्धा.

मी वही उलटी केली.
म्हटलं, आई, सगळं खोडते. हॉल, मासा, फुलं.
अंगणात तीस माणसं, भाकरी, चीज, काकांची वाइन.
उरलेलं तुझ्या येण्याला.
नंतरचं नंतर बघू.

बराच वेळ नुसता नळ.
मग ती म्हणाली,
लग्न पाहावं करून म्हणतात,
मला नुसतं पाहूच दे.
व्हिडिओवाल्याला किती दिलेस?

तो मी डावीकडे टाकला होता. सगळ्यात वर.
मावसभाऊ फोनवर काढेल, फुकट.

नाही, आई म्हणाली. तिथे कंजुषी नको.
पण ड्रोन नको मला, आकाशातून नको.
पायऱ्यांवरून तुला गोल फिरवतात, तेही नको.
त्याला सांग, टेबलांवरून फिरव.
कोण कुणाशेजारी बसलं.
नाझिब्रोलाने हिरवा कोट घातला का.
आजोबांना चावता येतंय का.
कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं,
कुणी रुमालात बांधून नेलं.
हळू फिरव म्हणावं. पुसट नको.

दुसऱ्या दिवशी मालखाझकडे गेले.
त्याच्या दुकानात नवरा-नवरी ढगांवर उभे होते, फ्रेममध्ये.
चार तास नुसती टेबलं?
त्याने पेन्सिल कानामागे ठेवली.
मग नवरी कधी दिसणार?
दिसेल, म्हटलं, वाढताना.
त्याने डोकं खाजवून आकडा सांगितला,
ड्रोनपेक्षा जास्त. ढगांपेक्षाही.
मी घासाघीस केली नाही.

घरी येऊन मासा खोडला.
सासरे आठवडाभर बोलायचे नाहीत.
त्यांच्या टेबलापाशी कॅमेरा थोडा जास्त थांबव,
एवढं मालखाझला कळवलं.