जाड कड

बावीस वर्षं मी हे वाक्य फळ्यावर लिहिलं:
काच हा फार सावकाश वाहणारा द्रव आहे.
पुरावा म्हणून खिडकीतून बोट दाखवायचं
टेकडीवरच्या चर्चकडे.
तिथली तावदानं बघा, खाली जाड, वर पातळ,
तीनशे वर्षं ओघळताहेत.
पोरं माना वळवायची.
मलाही ते वाक्य आवडायचं.

झेलेझ्नी ब्रोदमध्ये घरटी एक तरी
काच फुंकणारा, नाहीतर घासणारा.
काचेबद्दल काहीही बोला, लोक ऐकून घेतात.

यंदा पाठ होता विधान तपासण्याचा.
बरोबर, चूक, की सांगता येत नाही,
आणि कशावरून.
वेंदुला, जिच्या वहीला कधी कव्हर नसतं,
म्हणाली, बाई, चर्चच्या खिडक्या
दुरुस्तीला उतरवल्यात. व्हर्निअर नेऊ?

सोमवारी चुरगळलेला कागद:
तावदानं एकेचाळीस.
सव्वीस खाली जाड.
नऊ वर.
सहा बाजूला, त्यातली चार डावीकडे.
नवांपैकी एकापुढे पेन्सिलीनं:
ही बहुतेक चढावर वाहिली.

वर्ग हसला. मी पण, जरा उशिरा.
तरी वकिली केलीच. म्हटलं, सव्वीस म्हणजे बहुमत.
ती म्हणाली, बाई,
इझेरा काय बहुमतानं खाली जाते?

मग ती यारोमीरकाकांकडून ऐकलेलं सांगू लागली.
फुंकून फिरवलेली काच सगळीकडे
सारखी कधी निघायचीच नाही.
बसवणारा शहाणा असेल तर जाड कड खाली ठेवतो.
आणि नसेल तर?
नसेल तर त्याला जेवायला जायची घाई असते.

निष्कर्षाच्या चौकटीत तिनं लिहिलं होतं:
काच वाहत नाही असं मी म्हणत नाही.
या खिडक्या ते सांगत नाहीत, एवढंच.

मी ते तीनदा वाचलं.
लाल पेन हातात होतं, टोपण लावून टाकलं.

हिशोब केला, सहाशेच्या वर मुलं.
त्यातलं कुणी आज ब्रनोमध्ये
आपल्या लेकीला जेवताना सांगत असेल,
आमच्या बाई म्हणायच्या...
पत्ते नाहीत माझ्याकडे.

संध्याकाळी चर्चवरून गेले.
खिडक्यांच्या जागी पुठ्ठे, वाऱ्यानं फडफडणारे.
शेजारून कुणाची तरी दोन लहान पोरं चालली होती.
सवयीनं बोट उचललं गेलं माझं,
आणि तसंच राहिलं थोडा वेळ,
पुठ्ठ्याकडे.