थुंकण्याची नोकरी

आमच्या जिन्यात प्रत्येक वळणावर एक टाइल आहे:
साईबाबा, मदर मेरी, काबा, पुन्हा साईबाबा.
कुणी पिंक टाकू नये म्हणून
देव चोवीस तास ड्यूटीवर.
त्यांच्यासमोरून मी रोज कामाला उतरते
आणि बॅलार्ड इस्टेटच्या एका थंड खोलीत
दुपारच्या आत
तीस वेळा थुंकते.
पगारी.

आईला हे अजून पटलेलं नाही.
"एवरी म्हागाची, न तू गिलत नाय?"

शिकत होते तेव्हा पुस्तकात शब्द होते:
ब्लॅककरंट, गूजबेरी, जंगलातला ओला पाला,
घोड्याचं खोगीर.
यातलं काहीच मी तोंडात घातलं नव्हतं
(खोगीर तर कुणीच घातलं नसावं).
म्हणून वहीच्या समासात लिहीत गेले:
करवंद. रायआवळा.
कोकमाचं आगळ, बरणीच्या तळाचं.
जूनमधल्या दप्तराचा वास.
जर्मनीच्या जुन्या रीसलिंगला पेट्रोलचा वास येतो,
त्याला मात्र भाषांतर लागलं नाही,
वरळी नाक्यावर पंप होता.

परीक्षेच्या दिवशी शाब्ली आली.
फिकट, हिरवट, काही लपवत असल्यासारखी.
सर म्हणाले, ही द्राक्षं जिथे होतात
तिथे कधीकाळी समुद्र होता,
मातीत अजून शिंपले सापडतात.
मी घोट घेतला, आणि
सुकतीला उघडे पडलेले कोळीवाड्यामागचे खडक,
उकिडवी बसलेली आई,
तिच्या हातातली कोयती,
फोडलेलं पहिलं कालव
पात्यावरूनच माझ्या तोंडात,
समुद्राच्या पाण्यासकट.
थुंकायचं विसरले.
सरांनी दोन गुण कापले.

साल म्हणजे काय, ते मला विजयकरबाईंनी शिकवलं.
खारहून आल्या, एकट्या, मोत्यांच्या कुड्या घालून.
सत्त्याऐंशीची बोर्दो हवी होती,
लग्नाच्या सालची.
मी समजावलं: त्या वर्षी तिकडे ऐन काढणीत पाऊस लागला.
वाईन पातळ निघाली,
इतकी वर्षं कुणी ठेवली नसेल.
बाईंनी पर्स मिटली.
"आमचीही पातळच निघाली," म्हणाल्या.
"पण ठेवली."

मग त्यांनी नाशिकची एक घेतली, गेल्या वर्षाची.
हिचं पुढे काय होईल, विचारलं.
मी म्हटलं, पाच वर्षांनी कळेल.
घाई नाही म्हणाल्या,
आणि परवान्याचा कागद काढून दाखवला,
ज्यावर लिहिलं होतं की
त्यांना हे तब्येतीसाठी लागतं.

आई बाजारातलं कालव चाखून
खडक सांगते.
हे हाजीअलीकडचं, हे दांड्याचं,
हे गटाराजवळचं, टाक.
अमावास्येचं भरलेलं असतं, अष्टमीचं रिकामं.
तिला कुणी प्रमाणपत्र दिलं नाही,
तिनेही मागितलं नाही.
आता गुडघे दुखतात, खडकांवर जात नाही,
गेली असती तरी
अर्धे खडक रस्त्याखाली गेलेत.

काल एका ताटलीतल्या जेवणाला
तीन बाटल्या उघडल्या होत्या,
त्यातली अर्धी शाब्ली मी घरी आणली.
तिने स्टीलच्या पेल्यात घेतली.
हुंगली नाही, फिरवली नाही, उजेडात धरली नाही.
एक घोट. गालात ठेवला. बराच वेळ.
मी बेसिनकडे बोट दाखवलं, सवयीने.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं जिन्यातले देव पाहतात.

"समिंदर हाय यान," म्हणाली.
"पन जुना. आटलेला."

वही शोधली, समासात लिहून घेतलं.
तोवर तिने पेला विसळला
आणि ते विसळलेलं पाणीही
पिऊन टाकलं.