सतरा नंबरचा पाना

नाना पेठेतला फिल्टर, साडेतीन लिटर ऑइल,
श्रीखंडाचा रिकामा पाच किलोचा डबा.
बिबवेवाडी, बी विंगचं पार्किंग.
पुठ्ठा अंथरून मी गाडीखाली सरकते.

नट हलत नाही.
मागच्या वेळी श्रीरंगनं आवळलेला.
त्याला प्रत्येक गोष्ट
जरा जास्तच आवळायची सवय.

पान्याला पाइप लावला. कर्र.
मग एकदम धार,
कोमट, काळी, मनगटावरून थेट कोपरापर्यंत.

वरून धोपेश्वरकर काका:
"फरशीवर डाग पडता कामा नये हं!"

धारेची दोरी होते, दोरीचे थेंब.
त्यानं चालवलेले आठ हजार किलोमीटर
डब्यात. गप्प.

नव्या फिल्टरच्या रबराला
बोटानं तेल लावते,
फिरवते, हाताच्या जोराइतकंच घट्ट.
पुढच्या वेळी
मलाच सोडवायचाय.